खापरावरचा मांडा, १२ चित्रं आणि जुना लॅपटॉप: गावात बसून अ‍ॅनिमेशन फिल्म कशी करायची

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "भो, अ‍ॅनिमेशन शिकायचंय, लॅपटॉप कोणता घेऊ". कोणताच घेऊ नका. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरात खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं उपडं भांडं, चुलीवर चढलं की फोन घेऊन चुलीजवळ जाऊन बसा. चेष्टा करत नाहीये. मी चाळीसगावजवळच्या एका गावातला, दिवसा फ्लेक्सच्या दुकानात बॅनर बनवतो, वाढदिवसाच्या बॅनरवर कोणाचा फोटो मोठा न् कोणाचा बारीक यावरून होणारी भांडणं मिटवतो आणि रात्री जेवण झालं की तास-दीड तास चित्रं काढतो. असं करत करत अकरा महिन्यांत १ मिनिट ५० सेकंदांची एक फिल्म झाली. त्याआधी दोन वर्षं वाया घालवली ती वेगळी, तीही सांगतो पुढे.

तर मांडा, म्हणजे आमच्या खानदेशातली खापरावरची मोठी पातळ पुरणपोळी. आत्या पुरण भरलेला गोळा हातावर घेते, सैल तिंबलेली कणीक असते, ती दोन्ही हातांवर या हातावरून त्या हातावर अशी फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि मग एका झटक्यात खापरावर टाकते. मी हे लहानपणापासून शंभरदा पाहिलंय आणि जेव्हा पहिल्यांदा काढायला बसलो तेव्हा कळलं की काहीच पाहिलेलं नाही. माझा मांडा कागदावर पापडासारखा कडक फिरत होता. मग फोनवर व्हिडिओ घेतला आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये टाकून एकेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, पुढे केली (ई बटण दाबलं की एक एक फ्रेम पुढे जाते). तेव्हा दिसलं. हात आधी वळतो, मांड्याची कड मागे राहते आणि दोन-तीन फ्रेमने उशिरा येते. टाकायच्या आधी दोन्ही हात किंचित खाली बसतात, म्हणजे पुढे जायच्या आधी मागे येणं. खापरावर पडताना मधला भाग आधी टेकतो आणि कडा नंतर लोळत खाली येतात. आणि मांडा जेवढा मोठा होतो तेवढा पातळ होतो, कणीक कुठून जास्तीची येत नाही. एवढ्या चार गोष्टी झाल्या ना, पुस्तकात त्यांना अँटिसिपेशन, ओव्हरलॅप, स्क्वॉश-स्ट्रेच अशी नावं आहेत, डिस्नेच्या जुन्या लोकांनी १२ तत्त्वं म्हणून मांडलीत ती सगळी. तत्त्वं पाठ करू नका. एक मांडा नीट बघितला तर त्यातली निम्मी तिथेच सापडतात.

आता आकडे, कारण अ‍ॅनिमेशन म्हणजे चित्रकलेपेक्षा हिशोब जास्त आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायची गरज नसते, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी डोळ्याला चालतं, याला टूजवर काम करणं म्हणतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एकदम जोरात काही होत असेल, झटका, थप्पड, पळणं, तिथे वनवर जायचं म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, आणि आरामात चाललेलं असेल तिथे तीन-तीन फ्रेम धरलं तरी भागतं. बाकी सगळं टूजवर. आत्याचा मांडा खापरावर पडायला हातातून सुटल्यापासून माझ्या मोजणीत ५ फ्रेम लागल्या, मी पहिल्यांदा त्याला १६ दिल्या होत्या म्हणून तो मांडा नाही तर पॅराशूट वाटत होता. फोनचा व्हिडिओ बहुतेक वेळा ३० फ्रेमचा असतो तेव्हा मोजताना तेवढं ध्यानात ठेवा, २४ चा पर्याय असेल तर आधीच लावून घ्या.

हे मोजायची सवय लागली पाहिजे, बाकीचं नंतर. मी अजूनही बसमध्ये बसलो की समोरच्या माणसाची जांभई मनात मोजतो. एक सेकंद म्हणजे साधारण "एक हजार एक" म्हणायला लागतो तेवढा वेळ. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून आधी एखादी हालचाल स्वतः करून बघा, मग किती सेकंद ते लिहा, मग गुणिले १२. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या, मी लावतो.

सराव कुठून सुरू करायचा तर सगळे सांगतात चेंडू, आणि ते बरोबरच आहे, चेंडू टाळू नका. वर पोचताना चेंडूची चित्रं जवळ जवळ येतात, खाली येताना लांब लांब होत जातात, जमिनीला टेकला त्या एकाच चित्रात चपटा, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रात थोडा लांबट, आणि सगळ्यात वर असताना अगदी गोल. नवीन माणूस हमखास वरसुद्धा लांबट ठेवतो आणि मग चेंडू रबरी अंडं दिसतो. एक रबरी चेंडू, एक लोखंडी गोळा आणि एक फुगा, तिघांना एकाच आकाराचं वर्तुळ काढा आणि फक्त अंतरं बदलून कोण कोण आहे ते समोरच्याला ओळखू द्या. ओळखलं तर पुढे जा. ओळखलं नाही तर परत, दुसरा इलाज नाही.

चेंडूनंतर मी म्हणेन झोका काढा. आखाजीला निंबाला बांधलेला झोका असतो ना, तोच. दोन्ही टोकांना झोका जवळजवळ थांबतो म्हणून तिथे चित्रं दाट, मध्ये जोरात जातो म्हणून विरळ. आणि झोक्याचा रस्ता सरळ रेषेत नाही, कमानीत. हे जमलं की झोक्यावर पोरगी बसवा, फक्त एक पोतं असल्यासारखी, हातपाय चेहरा काही नको, आणि तिचा पदर किंवा वेणी जोडा. झोका परत फिरला तरी वेणीचं टोक अजून पुढेच चाललेलं असतं, मग ते येतं. हे ज्या दिवशी पहिल्यांदा नीट हललं त्या रात्री मी झोपलोच नाही, नुसतं बघत बसलो, १६ चित्रांचं होतं ते सगळं. केळीचं पानही चांगलं, फाटलेलं पान असेल तर प्रत्येक फाळका वेगवेगळ्या वेळी हलतो, पण ते झोक्यानंतर घ्या, आधी घेतलं तर डोकं फिरतं.

चालणं म्हणजे सगळ्यांची दांडी तिथे उडते. साधं चालणं एका पावलाला १२ फ्रेम, म्हणजे टूजवर ६ चित्रं, दोन पावलांचं एक चक्र १२ चित्रांचं. चार पोझ आधी काढा: पुढची टाच टेकली ती, मग वजन येऊन शरीर खाली बसतं ती, मग एक पाय दुसऱ्याच्या शेजारून जातो ती, मग शरीर वर उचलतं ती. डोकं या सगळ्यात एका पातळीवर राहत नाही, खाली-वर होतं, ते नाही केलं तर माणूस सरकत्या पट्ट्यावर उभा असल्यासारखा दिसतो. डोक्यावर घागर घेतलेली बाई मात्र उलटी, तिचं डोकं अगदी कमी हलतं आणि कमरेतून सगळं सावरलं जातं, त्यामुळे दोन्ही चालणी शेजारी शेजारी काढून बघा, फरक तिथे शिकायला मिळतो. बैल, म्हैस, कुत्रं असलं चार पायांचं काही पहिल्या वर्षी फिल्ममध्ये घेऊ नका. मी म्हैस घेतली होती. कापून टाकावी लागली.

सामानाचं सांगतो. कागदावर करायचं असेल तर पैसे जवळजवळ लागतच नाहीत. साधे ए-फोर कागद, ऑफिसात असतं ते दोन भोकं पाडायचं पंचिंग मशीन, आणि कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून एका फळीवर दोन खुंट्या. त्या पंचच्या दोन भोकांमधलं अंतर ८० मिलिमीटर असतं आणि भोक साधारण ६ मिलिमीटरचं, तेव्हा सुताराकडून त्या मापाच्या लाकडी खुंट्या ठोकून घ्या, झाला पेगबार. विकतचा मागवायची गरज नाही. काच आणि खाली एलईडी पट्टी म्हणजे लाइटबॉक्स, त्यावर खालच्या कागदावरचं आधीचं चित्र वरून दिसतं, मी जुन्या फोटोफ्रेमची काच वापरली, कडांना सेलोटेप लावा नाहीतर मनगट कापतं. वरून फोन पक्का बांधून एकेक कागदाचा फोटो. एवढ्यावर पूर्ण फिल्म होते.

फोनवर करायचं तर फ्लिपाक्लिप आहे, बोटाने किंवा साध्या स्टायलसने, चेंडू न् झोक्यासाठी भरपूर झालं. कॉम्प्युटरवर पेन्सिलटूडी एकदम हलकं, जुन्या मशीनवरही पळतं. क्रिटा फुकट आहे आणि ब्रश फार छान पण अ‍ॅनिमेशन करताना रॅम खातं, ४ जीबीवाल्यांनी शॉट छोटे छोटे ठेवा. ओपनटून्झ थोडं जुन्या वळणाचं, पहिला आठवडा शिव्या द्याल, पण कागदावरची चित्रं स्कॅन करून रंगवायला फार कामाचं. जपानच्या घिबली स्टुडिओने वर्षानुवर्षं जे टून्झ वापरलं त्याचंच हे २०१६ पासूनचं फुकट रूप. आणि ब्लेंडर. ब्लेंडरमध्ये थ्रीडी तर आहेच, पण ग्रीस पेन्सिल नावाचं एक प्रकरण आहे, त्यात थ्रीडीच्या जागेत टूडी चित्रं काढता येतात. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातल्या गिंट्स झिलबालोडिसने फ्लो ही फिल्म ब्लेंडरवर केली आणि २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं, त्यात एकही संवाद नाही. त्याआधीची २०१९ ची लांब फिल्म तर त्याने एकट्याने केली होती. आपल्याकडे गीतांजली राव यांनी प्रिंटेड रेनबो अशीच एकटीने हाताने रंगवून केली, २००६ मध्ये ती फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलमधल्या क्रिटिक्स वीक या विभागात गेली. म्हणजे एकट्याने होत नाही असं कोणी म्हणालं की ही दोन नावं सांगा आणि चित्रं काढायला बसा. सॉफ्टवेअर एकच धरा आणि सहा महिने बदलू नका, एवढं ऐका.

क्लासचं विचाराल तर मी एका शहरात जाऊन क्लास लावला होता, नाव घेत नाही, बऱ्यापैकी फी होती. चार महिने नुसती बटणं शिकवली, हे दाबलं की हे होतं, ते दाबलं की ते होतं, आणि शेवटी सगळ्यांकडून तोच एक फिरणारा लोगो करून घेतला. त्या चार महिन्यांत एकदाही कोणी विचारलं नाही की ही वस्तू जड आहे का हलकी. क्लास लावायचाच असेल तर आधी जाऊन तिथल्या पोरांनी केलेल्या हालचाली बघा, लोगो नाही, कोणीतरी चालताना, काहीतरी उचलताना. नसेल दाखवत तर उठून या. ज्यांना नीट पदवीचं शिक्षण पाहिजे त्यांच्यासाठी अहमदाबादचं एनआयडी ही डिझाइनची संस्था आणि मुंबई आयआयटीतलं आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे, एनआयडीला डॅट नावाची प्रवेश परीक्षा, आयडीसीला बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड. चाळीसगाव-धुळ्यातली पोरं तिथे जाऊ शकत नाहीत असं काही नाही, फक्त त्या परीक्षांत सॉफ्टवेअर विचारत नाहीत, निरीक्षण आणि कल्पना बघतात, म्हणजे परत मांड्यापाशीच आलो.

ज्यांना चित्रं जमतच नाहीत त्यांनी स्टॉप मोशन करा. वस्तू थोडी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या अशाच सरकवून आगकाड्यांची मौज केली होती, त्याच्याही आधी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित केलं होतं. आणि आमच्या चाळीसगावात केकी मूस होऊन गेले (१९१२ ते १९८९), त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी बघितली नसेल तर जाऊन बघा, घरातल्या टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून असे फोटो काढायचे की बघणाऱ्याला खराखुरा देखावा वाटावा. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता. ते अ‍ॅनिमेशन नव्हतं, पण टेबलावर जग उभं करायचं म्हणजे काय ते शिकायला आम्हाला पॅरिसला जायची गरज नाही, स्टेशनपासून चालत जाता येतं.

स्टॉप मोशनला आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या आहेत. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, क्ले मऊ पडतं, दुपारी उभं केलेलं बाहुलं फोटो काढेपर्यंत मान टाकतं. म्हणून क्लेचं काम थंडीत, उन्हाळ्यात कटआउट, म्हणजे कार्डपेपरचे हात-पाय कापून दोऱ्याने किंवा बारीक रिव्हेटने जोडायचे आणि सपाट ठेवून वरून फोटो. पण मग पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर नायकाचा हात उडून खाटेखाली जातो. घाम पुसत करा, काय करणार. गिरणा नदीची वाळू बारीक चाळून धुऊन काचेवर पसरवून खालून उजेड दिला तर वाळूचंही अ‍ॅनिमेशन होतं, फार देखणं दिसतं, फक्त त्यात मागे जाऊन सुधारणा करता येत नाही, चुकलं ते चुकलं.

उजेड खिडकीचा घेऊ नका. ढग येतो, ऊन सरकतं आणि फिल्म लुकलुकते. रात्री खिडक्या झाकून दिव्यावर करा, आणि गावात व्होल्टेज वरखाली होतं तेव्हा शक्य असेल तर पॉवरबँकवर चालणारा एलईडी लावा. फोनचा फोकस, एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करायचं, एकही ऑटोवर राहिलं तर दर फोटोला रंग बदलेल. पांढरा शर्ट घालून शूट करू नका, त्याचा उजेड सेटवर पडतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं जेव्हा मी पुढे वाकलो की चूल उजळत होती.

आता ज्यात मी दोन वर्षं घालवली ते. माझी पहिली गोष्ट सहा मिनिटांची होती. कानबाई या खानदेशातल्या देवीचा उत्सव, विसर्जनाची मिरवणूक, नाचणारी माणसं, पाऊस, नैवेद्याचे रोट, सगळं त्यात. ६ मिनिटं म्हणजे ३६० सेकंद, गुणिले १२, म्हणजे ४३२० चित्रं, आणि मिरवणुकीत माणसं तीस. हा हिशोब मी सुरुवातीला केलाच नव्हता, तो ४० सेकंद झाल्यावर केला आणि वही बंद केली. ऑस्करच्या नियमात शॉर्ट फिल्म म्हणजे ४० मिनिटांपर्यंत, पण तो नियम तुमच्या-माझ्यासाठी नाही. पहिली फिल्म ३० सेकंद ते २ मिनिटं, पात्रं एक किंवा दोन, जागा एक. रोज रात्री किती चित्रं होतात ते आठवडाभर मोजा, माझी आठ-दहा होतात, त्यातले सुट्टीचे, लग्नाचे, आजारपणाचे दिवस वजा करा आणि जे उरेल त्यात बसेल तीच गोष्ट निवडा.

माझी दुसरी गोष्ट एका ओळीची होती: भर दुपारी आत्या मांडा करतेय, तो हातावर वाढतच जातो, एवढा की उडून गावावर मांडवासारखा पसरतो, सगळ्यांना सावली मिळते, मग परत खापरावर येतो. बस. ११० सेकंद, कागदावर १३२० चित्रं व्हायला पाहिजे होती, प्रत्यक्षात सातशेच्या आसपास काढली, कारण आत्या उभी असताना फक्त पदर हलतो, बाकी चित्र तसंच धरलेलं, चुलीचा धूर आठ चित्रांचा आणि तोच फिरून फिरून येतो, आणि सावली गावावर सरकते तेव्हा गाव हलतच नाही, नुसती सावली. याला आळस म्हणू नका. कुठे हलवायचं नाही ते ठरवणं हेच खरं काम आहे, आणि थांबलेल्या चित्रानंतर हललेली गोष्ट जास्त उठून दिसते.

पण चित्रांच्या आधी अ‍ॅनिमॅटिक करा, ही पायरी सोडणारे सगळे रडतात. स्टोरीबोर्डची काड्यापेटीएवढी चौकोनी चित्रं, काडीमाणसं चालतील, त्यांचे फोटो काढून व्हिडिओ एडिटरमध्ये ओळीने लावायचे, ज्याला जेवढा वेळ द्यायचा तेवढा द्यायचा, तोंडाने धाडधूड आवाज करून तेही जोडायचे. मग हे घरातल्या कोणाला तरी दाखवायचं आणि काही समजावून सांगायचं नाही. माझ्या चुलतभावाने पाहिलं आणि म्हणाला, "ही चादर काबर उडी ऱ्हायनी?" (का उडतेय?) मांडा आहे हेच कळलं नव्हतं. मग खापराचा जवळून शॉट सुरुवातीला टाकला. चार फोटोंत सुधारलं, हेच चित्रं काढून झाल्यावर कळलं असतं तर दोन महिने गेले असते.

आवाज. संवाद असतील तर आधी रेकॉर्ड करा आणि त्यावर तोंड हलवा, उलटं करायला गेलात तर पस्तावाल. आणि अहिराणीतच बोलवा ना, पुस्तकी मराठीत आत्या बोलायला लागली की ती आत्या राहत नाही, खाली सबटायटल देता येतात. फोन फ्लाइट मोडवर टाकून, फ्रिज न् पंखा बंद करून, अंगावर गोधडी घेऊन रेकॉर्ड करा, घुमणारा आवाज निम्मा जातो. साफ करायला ऑडॅसिटी फुकट आहे. ओठांचं एक गुपित: प्रत्येक अक्षराला तोंड बदलू नका, माणूस बोलताना तसं करत नाही, पण प, ब, भ, म आला की ओठ मिटलेच पाहिजेत, किमान दोन फ्रेम, तेवढं चुकलं की लगेच खोटं वाटतं. आणि तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी उघडलेलं बरं दिसतं. खापराचा चर्र आवाज मी खऱ्या खापराचा घेतला होता, तो पाऊस पडल्यासारखा ऐकू आला, शेवटी गरम तव्यावर ओला फडका दाबून तो आवाज वापरला.

बाकी बारीकसारीक. प्रोजेक्टचा फ्रेमरेट पहिल्याच दिवशी २४ वर ठेवा आणि सगळीकडे तोच आहे ना ते बघा. माझा एडिटर २५ वर होता, चित्रं २४ च्या हिशोबाची, शेवटापर्यंत आवाज आणि चित्र यांच्यात जवळजवळ साडेचार सेकंदांचं अंतर पडलं आणि मी दोन रात्री चूक ओठांत शोधत होतो. फाइलींना नावं शॉट आणि नंबर अशी द्या, "फायनल नवीन खरंच फायनल" असली नकोत. थ्रीडी करणाऱ्यांनी रेंडरचा, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र तयार करतो त्या वेळाचा, हिशोब करा, एका फ्रेमला २ मिनिटं लागत असतील तर १ मिनिटाच्या फिल्मला १४४० फ्रेम म्हणजे सलग ४८ तास, तेवढे तास गावात सलग वीज असते का ते तुम्हीच सांगा. म्हणून रेंडर कधीही थेट व्हिडिओत काढायचं नाही, एकेक फ्रेम वेगळं पीएनजी चित्र म्हणून सेव्ह होऊ द्यायची, लाइट गेली तर समजा ८१२ पर्यंत झालेलं शिल्लक राहतं आणि ८१३ पासून पुढे सुरू करता येतं. मी एका शॉटला व्हिडिओत काढत होतो, पहाटे चारला लाइट गेली, फाइल उघडलीच नाही परत. पेनड्राइव्हवर एक कॉपी आणि दुसऱ्याच्या घरी एक कॉपी, एकाच घरात दोन कॉपी म्हणजे एकच कॉपी.

फिल्म झाली की लगेच नेटवर टाकून मोकळं व्हायची घाई असते. जरा थांबा. काही फेस्टिव्हल आधी कुठे न दाखवलेलीच फिल्म मागतात, तेव्हा आधी पासवर्ड असलेली लिंक ठेवा. मुंबईत मिफ आहे, १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी, दर दोन वर्षांनी. फ्रान्समध्ये अ‍ॅनेसी, १९६० पासून, फक्त अ‍ॅनिमेशनचा. बाकी ऑनलाइन अर्ज करायच्या साइटवर ढीगभर फेस्टिव्हल दिसतील, त्यातले बरेच नुसती फी गोळा करतात आणि कोणालाही पानं-फुलं लावलेलं सर्टिफिकेट देतात. फी भरायच्या आधी मागच्या वर्षी तिथे काय दाखवलं, कुठल्या हॉलमध्ये दाखवलं ते शोधा. इंग्रजी सबटायटल पाहिजेतच. सिनेमाचं गाणं किंवा कुठून तरी उचललेलं संगीत अजिबात नको, त्यापेक्षा शेजारच्या पोराला डफ वाजवायला सांगा.

आणि कुठेही पाठवायच्या आधी ज्याचं काम दाखवलंय त्या माणसाला दाखवा, चित्रकार मित्रांना नंतर. मी गेल्या आठवड्यात आत्याला लॅपटॉपवर दाखवली. मांडा गावावर पसरला तिथे काही बोलली नाही, सावली आली तिथेही नाही. संपल्यावर म्हणाली परत लाव, आणि पहिल्याच शॉटवर बोट ठेवलं. "मन्या बांगड्या काबर हालतस नही?"

खरंच नव्हत्या हालत तिच्या बांगड्या. मनगटावर रंगवल्यासारख्या चिकटून बसल्या होत्या, आणि मांडा वळवताना तर त्या कोपराकडे सरकतात, परत खाली येतात, हात थांबल्यावरही एकमेकींवर आपटून मग थांबतात. शॉट चार सेकंदांचा आहे. सध्या ४८ कागदांवर बांगड्या पुन्हा काढतोय, काल रात्रीपर्यंत १९ झाले.